नांगर टाकून राहणारी शालनमावशी

परवा पलूसला एका बारशात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या तात्यामामाचं कौतुक सुरू केलं. "थोरल्या बहिणीला काय सांभाळलंय वो त्येनी! पाण्यावर पडली हुती बिचारी एकटी. आता बघा, येगळी खोली दिलीया, येळेवर चहा, येळेवर जेवाण. असा भाऊ मिळाय नशीब लागतंय." मी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बारसं दुसऱ्याचं, पाळण्यात लेकरू, तिथे काय बोलणार? म्हणून इथे बोलते.

बिचारी म्हणे! शालनमावशीला बिचारी म्हणणाऱ्या माणसाने तिला कधी पाहिलेलंच नाही. मी पाहिलंय.

मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेट्रन आहे. दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडण्यात माझी उमर गेली, आणि हा गळा मला मिळाला तो शालनमावशीकडून. ती माझ्या आईची थोरली बहीण. तात्यामामा या दोघींचा धाकटा भाऊ, मावशीने कडेवर घेऊन वाढवलेला. माहेर पलूसचं, घरचा ऊस, घरची जनावरं. तिचं लग्न झालं दिनकरकाकांशी. काकांच्या भावकीत ज्याला त्याला पलटणीत जायचं असायचं. हा एकटा गडी नेव्हीत गेला. रिटायर झाल्यावर कारवारला एका श्रीमंत माणसाच्या शिडाच्या बोटीची देखभाल करायला राहिला. त्या माणसाची हौस फिटली आणि बोट काकांच्याच गळ्यात पडली. काका म्हणाले, "भाड्याची खोली कशाला? हितंच राहू." पलूसच्या विहिरीतही जिने कधी पाय बुडवला नव्हता ती मावशी म्हणाली, "राहू की."

आणि राहिली. वर्षानुवर्षं राहिली.

बोट फायबरची होती, पांढरी, एका डोलकाठीची. आत उतरलं की एक खोली, तीही अशी की माझ्यासारखीने ताठ उभं राहायचं म्हटलं तर डोकं आपटायचं. दोन बाजूंना दोन बाकं, त्यांच्या पोटात तांदूळ, पीठ, कपडे, हत्यारं. स्टोव्ह दोन कड्यांवर टांगलेला, म्हणजे बोट कितीही कलली तरी भांडं सपाट राहायचं. मावशी त्याला पाळणा म्हणायची. "पाळण्यावर कालवण ठिवलंय, हात लावू नगंस." मागे दोरीला एक छोटी वल्ह्याची होडी बांधलेली असायची, तिचं नाव शेळी. काठावर कोणी आलं की काका ओरडायचे, "शालन, शेळी धाड." मोठ्या बोटीचं नाव मात्र यमाई. औंधची यमाई आमची कुलदेवी. बोटीच्या नाकावर काकांनी निळ्या रंगात ते नाव लिहिलं होतं आणि मावशी दर मंगळवारी त्याच्यावर कुंकू लावायची.

लोकांना वाटतं, बोटीवर राहणं म्हणजे पाय पसरून सूर्यास्त बघणं. डोंबलाचा सूर्यास्त! मी सुट्टीत गेले की ती मला पहाटे उठवून फडकं हातात द्यायची. खाऱ्या हवेत सगळ्याला बुरशी धरते. चपलांना, पुस्तकांना, लाकडाला, डाळीलाही. आज या बाकाचं पोट उपसून वाळवायचं, उद्या त्या. प्यायचं पाणी कॅनमधून वल्हवत आणायचं, म्हणून तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची आणि ते पाणी तुळशीला. हो, तुळस होती. एका डब्यात, डोलकाठीला बांधलेली. दुपारी आत भट्टी पेटायची, म्हणून शिडाचं कापड वर ताणून त्याच्या सावलीत बसायचं. अंघोळ एका बादलीत. एवढं सगळं करून ती कधी "दमले" म्हणाली नाही. वैतागली मात्र रोज. काकांवर, माझ्यावर, कावळ्यांवर, वाऱ्यावर. तिचा वैताग हे तिच्या चांगल्या तब्येतीचं लक्षण होतं, शांत बसली की काका विचारायचे, "ताप हाय का तुला?"

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नांगर टाकलेली बोट एका जागी उभी नसते. वारा फिरला की ती दोरासकट गोल फिरते, म्हणून चहूबाजूंनी मोकळं पाणी लागतं. आणि दोर लांब सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब. मावशीने मला पहिल्याच दिवशी दम देऊन शिकवलं होतं. "दोर लांब असला की नांगर आडवा वडला जातुया, चिखलात दात रुततात. आखूड केलास की बोट त्येला वर उचलती, मग तो काय धरनार, कपाळ?"

एकदा कारवारला पर्यटकांची मोठी बोट येऊन यमाईच्या अगदी उशाला नांगर टाकून बसली. वर गाणी, नाच, दारू. काका गावात गेले होते. मावशी पुढे नाकावर जाऊन उभी राहिली, हातात उलथणं. "आरं ए मुडद्या! वारं फिरलं की माझ्या चुलीत येऊन पडशील! उचल तुजं लोखांड! उचल म्हंते न्हवं!" त्या बोटीवर मराठी कळणारा एकही नसावा. तिने श्वास न घेता अख्खं पलूस त्यांच्या अंगावर घातलं. गाणी बंद झाली. दोन माणसं निमूट पुढे गेली आणि नांगर उचलायला लागली. मावशी आत येऊन म्हणाली, "भाकरी करपली माजी त्येंच्यामुळं," आणि भाकरी मलाच खायला लावली.

पुढे काकांचे गुडघे गेले. समुद्र झेपेना. इकडे साताऱ्याच्या बाजूला एका धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्या शिकवणारा लहानसा क्लब होता, त्यांना जाणता माणूस हवा होता. काकांनी बोट तिकडे आणायची ठरवली. डोलकाठी उतरवून, ऊस वाहायच्या ट्रॉलीवर गवताच्या पेंढ्या अंथरून यमाई घाट चढून आली. वाटेत पलूसला मुक्काम केला. सगळं गाव बघायला! कोणी नारळ फोडला, कोणी हार घातला. तात्यामामाने तर बोटीला खरोखर ओवाळलं. "आमची आक्का बोटीतनं आली," म्हणून चौकात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही तो फार आवडला होता.

धरणाच्या पाण्यावर काका आणि मावशी छान रुळले. तिथे खारं नव्हतं, पाण्याचा तुटवडा नव्हता. सकाळी उठलं की मावशी आधी वर यायची आणि डोळ्यांवर हात धरून बघायची. टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि पलीकडच्या काठावरचा वड एका रेषेत आहेत ना? "हाय. जाग्यावर हाय," असं म्हणून मग चहा. तात्यामामा भेटायला आला तेव्हा त्याने वर उभं राहून एकदा विचारलं होतं, "आक्का, ह्यो दोर एवढा ढिला का सोडलाय गं?" तिने त्याला तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. तो "व्हय व्हय" म्हणाला. व्हय व्हय म्हणणाऱ्या पुरुषाने काही ऐकलेलं नसतं, हे मला माझ्या संसारात कळलंय.

मग काका गेले. झोपेतच गेले, बोटीवरच. तेराव्यानंतर सगळ्यांनी गृहीत धरलं की आता आक्का पलूसला. तात्याने खोली रंगवून घेतली, पंखा लावला. विचारलं कोणी तिला? विचारायचं काय त्यात! विधवा बाई, म्हातारपण, पाण्यावर एकटी, लोक काय म्हणतील. मावशी पिशवी भरून उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, मला धरणावर सोड."

"आक्का, आगं हलत्या घरात कसली ऱ्हातीस?"

"माजं घर हलतंय, तुमच्या जिभा हलत्यात. चल, गाडी काढ."

तेव्हापासून भांडण हे एकच. मावशीने तिच्या घरात राहायचं की भावाच्या. बाकी सगळी कारणं, तब्येत, पाऊस, साप, चोर, ही नुसती वरची पानं. दर सणाला तात्या विषय काढायचा, दर सणाला ती त्याला वाटेला लावायची. क्लबवाल्यांनी तिला राहू दिलं, कारण पोरांना गाठी शिकवायला आणि फाटकी शिडं शिवायला तिच्याइतकं कोणी नव्हतं. शिडं शिवायला काठावरच्या गावातली शमीमभाभी जोडीला असायची. तिचा नवरा गाद्या बनवतो, त्याचं जाड सुईचं मशीन घरात होतं. एक कापड ओढणार, दुसरी पाय मारणार, आणि दोघी मिळून जगाला शिव्या देणार. मी रविवारी गेले की शिव्यांना तिसरा आवाज.

संक्रांतीला मावशीने काठावरच्या बायकांना हळदीकुंकवाला बोटीवर बोलावलं. विधवा बाईने! गावात कुजबुज झाली, पण बोट बघायची हौस कुजबुजीपेक्षा मोठी. शेळीतून दोघी-दोघींना आणलं. कुंकू शमीमभाभीच्या हातून लावायला सांगितलं. "मी लावलं तर तुमाला चालंना, मग ही लावंल," असं म्हणून मावशी हसली, आणि भाभी लाजून लाल झाली तरी तिने लावलं. आणि वाण काय दिलं? दोराचा एक-एक तुकडा. प्रत्येकीला एक गाठ शिकवल्याशिवाय परत पाठवलं नाही. त्या गावात अजून म्हशी त्याच गाठीने बांधतात.

अशी बाई! हिला सांभाळायचं होतं म्हणे.

गेल्या मे महिन्यात तात्याच्या नातीचं लग्न निघालं. मावशी आधी नाहीच म्हणत होती. उन्हाळ्यात वळवाचा भरवसा नाही, बोट सोडून जायची नाही. पण नात लाडकी, फोनवर रडली. तात्या स्वतः गाडी घेऊन आला. मीही सोबत होते. मावशी सामान घेऊन काठावर उतरली आणि गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, नातीसाठी घेतलेली साडी बाकाच्या पोटातच राहिली. तात्या म्हणाला, "तू बस, मी आणतो." वल्हवता येत नव्हतं धड, तरी गेला. यायला वेळ लावला. घामाघूम होऊन, साडी काखेत मारून, खूश होऊन परत आला. आम्हाला वाटलं, वल्हवून आला म्हणून खूश आहे.

त्याने काय केलं होतं? वर उभं राहून दोराकडे बघितलं होतं. पोट सोडून लोंबणारा दोर, आणि बोट आपली इकडून तिकडे फिरतेय. जन्मभर जनावरं बांधलेला माणूस. घरी कोणी नसताना जनावर मागे ठेवायचं तर दावं आखूड करायचं, नाहीतर ते शेजाऱ्याच्या पिकात शिरतं. एवढंच त्याच्या डोक्यात. त्याने जोर लावून सगळा ढिला दोर वर ओढून घेतला, आवळून बांधला, उरलेला छान गुंडाळून ठेवला. बोट जागच्या जागी उभी राहिली. मग कडी लावून आला. प्रेमाने केलं हो त्याने. हेच तर मला सहन होत नाही. दुष्टपणाने केलं असतं तर मी मोकळेपणी शिव्या दिल्या असत्या आणि सुटले असते.

हळदीच्या दुपारी पलूसला आभाळ काळं झालं. मावशी मांडवातून उठून अंगणात आली आणि पश्चिमेकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात शमीमभाभीचा फोन. वाऱ्यात तिचं बोलणं तुटत होतं. "आपा, तुमची बोट चाललीय... धरणाच्या भिंतीकडं... आमची माणसं गेलीत दोर घेऊन, पण वारं लय हाय." मावशी म्हणाली, "चालली? अशी कशी चालंल?" तिला खरंच कळेना. नांगर तिने स्वतः रोवला होता.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. यमाई भिंतीच्या पायथ्याच्या दगडांवर आडवी पडलेली, डोलकाठी मोडलेली, कुशीला मोठं भगदाड. मावशी त्या दगडांवरून उतरली, मी मागे. ती सरळ पुढे नाकाकडे गेली. तिथे दोर बघितला. नीट गुंडाळलेला, आणि त्याला बैलाच्या दाव्याची गाठ.

"ही गाठ कुनाची?"

"माजी," तात्या म्हणाला. वरून, कोरड्या जागेवरून. "ढिला हुता गं. म्हटलं, तू न्हाईस तर आवळून ठिवावा."

मी वाट बघितली. आता ती उलथणं उचलेल, आता मुडदा बसवेल, आता पलूस अंगावर घालेल त्याच्या. तिने फक्त दोरावरून एकदा हात फिरवला आणि खाली बसली. तिच्या वाटचं मीच बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मामा आहे, वडीलधारा आहे, सगळं विसरून बोलले, आणि आजही त्यातला एक शब्द परत घेणार नाही.

पण खरा राग पुढचा आहे. लग्नघरी परत आलो तर सगळं घर हात जोडून उभं. "यमाईनं वाचीवलं! आक्का आत असती तर?" तात्याच्या बायकोने देवीला नवस बोलला. अरे, ती आत असती तर दोर लांब असता! बोट जागेवर असती! कोणाच्या डोक्यात शिरलं का? नाही. वादळ आलं, बोट फुटली, आक्का वाचली, देवीची कृपा. तात्याचं नाव कुठे आलंच नाही त्यात. उलट आठ दिवसांत तो बहिणीला वाचवणारा भाऊ झाला. लग्नाला बोलावलं नसतं तर, म्हणे!

क्लबचा माणूस येऊन म्हणाला होता, भगदाड भरता येईल, फायबरचं आहे, एक पावसाळा लागेल. शमीमभाभी म्हणाली, तोवर आपा माझ्याकडे राहतील. मी म्हटलं, पाचगणीला राहील. मावशी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला ताप होता, खरा ताप. मी शाळेत परत गेले, कारण माझी सुट्टी संपली होती. जूनमध्ये आले तर तात्याने ट्रॉली नेऊन बोट आणली होती, करवतीने कापली होती, आणि तिचा पुढचा अर्धा भाग गोठ्यात पालथा नाही, उताणा ठेवून त्यात म्हशींना पाणी पाजत होता. निळ्या रंगातलं नाव अजून दिसत होतं.

"फायबर हाय," तो मला म्हणाला, कौतुकाने. "गंजत न्हाई. सिमेंटच्या हौदाला ऐकत न्हाई."

"मावशीला विचारलंस?"

"इचारलं की. काय बोलली न्हाई. म्हंजे हरकत न्हवती तिची."

मी मावशीच्या खोलीत गेले. ती बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, "तू त्याला अडवलं का नाहीस?" तर म्हणाली, "जाऊ दे गं वंदे. त्येचं काय चुकलं." आणि लसूण सोलत राहिली. अशी मऊ! मला तिचा तो मऊपणा बघवेना. तिच्यावरही ओरडले मी. तिने ऐकून घेतलं.

परवाच्या बारशानंतर मी तशीच तात्याकडे गेले. संध्याकाळचे चार वाजले असतील. मावशी पडवीत बसलेली, इस्त्रीची साडी, डोक्यावरून पदर. मी तिला कधी पदर घेतलेलं पाहिलं नव्हतं. तब्येत चांगली, गाल भरलेले. मी म्हटलं, "उठ. औंधला जाऊ, यमाईला. माझी गाडी आहे. दोघीच जाऊ." तिच्या तोंडावर एकदम काहीतरी हललं. ती पटकन उठली, चपला पायात घातल्या, दोन पायऱ्या उतरली. मी गाडीचं दार उघडलं. आणि ती थांबली. मागे वळली. सोप्यात पेपर वाचत बसलेल्या भावाला, कडेवर घेऊन वाढवलेल्या त्या पोराला तिने हाक मारली.

"तात्या, जाऊ का रं मी?"

त्याने पेपर खाली केला. हसला. वाईट माणूस नाही तो.

"जा की, आक्का. मी कवा न्हाई म्हटलंय? फकस्त दिवस मावळायच्या आत माघारी ये."

आणि शालनमावशी म्हणाली, "व्हय."